खेळणं टिकलं म्हणजे फसलं

पोपट पाळायच्या आधी लोक हजार चौकशा करतात, बोलतो का, चावतो का, किती वर्षं जगतो, घाण किती करतो. खेळणी कुठली आणायची हे मात्र कोणी विचारत नाही, कारण त्यात काय एवढं, एक झोका एक घंटा टांगली की झाला संसार. अशा लोकांना माझ्याकडे पाठवा, मी चहा देईन आणि खिळवून बसवीन.

आमच्याकडे आफ्रिकन ग्रे आहे. करडा रंग, लालभडक शेपूट, वजन जेमतेम अर्धा किलो, आणि बघण्याची पद्धत अशी की जणू आपण सही घ्यायला साहेबांच्या केबिनमधे आलोय आणि आपले कागद अपुरे आहेत. त्यामुळे नाव अण्णा पडलं आणि अहोजाहो आपोआप सुरू झालं. घरात मला कोणी अहोजाहो करत नाही, पण ते असो.

तर मुद्दा असा की पोपटाचं खेळणं ही चैन नाहीये. जंगलात ह्या मंडळींचा दिवसाचा बराचसा वेळ खाणं शोधण्यात, ते फोडण्यात, सोलण्यात आणि मधेमधे भावकीत भांडण्यात जातो. घरात काय होतं, वाटी भरून समोर येते, पंधरा मिनिटात जेवण आटोपतं आणि मग उरलेला अख्खा दिवस आणि ते एवढं मोठं डोकं. रिकामं डोकं मग स्वतःचीच पिसं उपटायला लागतं, किंवा असं किंचाळतं की मीटिंगमधले लोक विचारतात सगळं ठीक आहे ना तुमच्याकडे. म्हणजे अण्णांना खेळणं नको असतं, रोजगार हवा असतो. आणि तो देणार कोण, तर मी.

पहिला घोळ रंगाचा. बायकोचं म्हणणं पडलं की पिंजरा हॉलमधे आहे तर खेळणी जरा पडद्याला जाणारी घेऊया. आता पोपटांना आपल्याला दिसतात ते रंग तर दिसतातच, वर अतिनील पण दिसतो, त्यामुळे आपण ज्याला फिकट जांभळा म्हणून कौतुकाने उचलतोय तो अण्णांच्या डोळ्यांना काय दिसत असेल देव जाणे. हे मी तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली अण्णांना पडदे कसे दिसतात ते त्यांना विचार, मला हे मॅचिंग दिसतंय, हेच घे. घेतलं.

दुसरा घोळ सेफ्टीचा, आणि हा खरा. एकदा का तुम्ही वाचायला सुरुवात केलीत की संपलं. गोल घुंगरू नको, त्याच्या फटीत बोट नाहीतर चोच अडकते. घंटा चालेल पण आतला लोळा शिशाचा किंवा जस्ताचा नको, पोपट तो काढतात आणि चघळतात आणि दोन्ही धातू त्यांना विषारी. साखळी गॅल्व्हनाइज्ड नको, तेच जस्त. सुती दोरी छान मऊ वाटते पण उसवली की धागा बोटाला करकचून आवळतो, आणि गिळला तर गळ्याखालच्या पिशवीत गोळा होऊन बसतो. किचेनची रिंग नको, कुत्र्याच्या पट्ट्याचा हुक नको, दोन्हीत चोच अडकते. लाकूड हवं पण केमिकल मारलेलं नको. लहान साइजचं खेळणं नको, मोठ्या चोचीखाली त्याचे तुकडे होतात आणि तुकडे पोटात जातात. फार मोठं नको, पक्षी घाबरतो. तो गोजिरवाणा लोकरीचा तंबू मिळतो ना, ज्यात पक्षी झोपलेला फोटोत इतका गोड दिसतो, तो तर अजिबात नको, त्याला ते घरटं वाटतं, हार्मोन्स खवळतात आणि तुम्ही जवळ गेलात की बोट फोडतो. आरसा पण नको. कित्येक पोपट आरशातल्या स्वतःच्याच प्रेमात पडतात, त्याला घास भरवायला खाल्लेलं ओकून काढतात आणि घरच्यांकडे ढुंकून बघत नाहीत. (माणसांत ह्याला मनाई नाहीये, बघा आजूबाजूला.)

हे सगळं पाठ झाल्यावर मी दुकानात गेलो आणि उभाच राहिलो. समोर भिंतभर रंगीबेरंगी लटकतंय आणि मला प्रत्येक गोष्टीत फक्त ती कशी मारेल तेवढंच दिसतंय. दुकानदाराने शेवटी विचारलं, पक्षी आहे ना नक्की तुमच्याकडे?

बरं, निवडून, पारखून, उन्हात धरून, वास घेऊन एक लाकडी ठोकळ्यांचं झुंबर आणलं. बायको म्हणाली वा. मी पिंजऱ्यात लावलं. अण्णा बघता बघता बारीक झाले. म्हणजे अक्षरशः, पिसं अंगाला घट्ट चिकटवून, मान उंच करून, लांबच्या कोपऱ्यात, श्वाससुद्धा बेतानेच. ग्रे जातीचा हा स्वभावच असतो, नवीन वस्तू दिसली की आधी संकट समजायचं. आणि त्यावरचा उपाय असा की खेळणं आधी खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवायचं, मग रोज थोडं थोडं जवळ सरकवायचं, आणि मुख्य म्हणजे पक्ष्यासमोर बसून आपण स्वतः त्याच्याशी खूप आनंदाने खेळायचं. म्हणजे त्याला वाटतं की एवढी मजा चाललीये आणि मला बोलावलं नाही.

बायको म्हणाली तू खेळ, तुझा आवाज मोठा आहे.

मग मी. जमिनीवर मांडी घालून. हातात लाकडी झुंबर. "अरे वा! काय मस्त! खटखट खटखट! अरे वा!" अण्णा एका डोळ्याने बघतायत, मग मान वळवून दुसऱ्या डोळ्याने खात्री करतायत. मी आणखी उत्साहाने, "हे माझं! मी नाही देणार कोणाला!" एवढ्यात मागे चाहूल लागली म्हणून वळून बघितलं तर आई दारात उभी. किती वेळ उभी होती माहित नाही. म्हणाली, "लहानपणी कधी एवढा खेळला नाहीस रे, मला काळजी वाटायची." आणि गेली.

ह्या सगळ्याचा परिणाम झाला. अण्णा माझ्या आवाजात "अरे वा, काय मस्त" म्हणायला शिकले. फक्त ते खेळण्याला उद्देशून म्हणत नाहीत. माझा पाय टेबलाला आपटला की म्हणतात, हातातून कप पडला की म्हणतात.

झुंबराला मात्र अण्णांनी हात लावला शेवटी. हात म्हणजे पाय. आणि तेव्हा कळलं की कौतुक करायचं ते ह्याचं. बरेच पोपट डावखुरे असतात तसे हेही आहेत. दोन बोटं पुढे दोन मागे अशा डाव्या मुठीत एक ठोकळा धरला, हळूहळू फिरवला, काळ्या बोथट जिभेने चहूबाजूंनी चाचपला, लाकडाची नस कुठून जातीये ते शोधलं, तिथे खालची चोच रुतवली आणि कट्‌. सरळ उभी चीर. मग एक एक ढलपी सोडवायची, खाली टाकायची, आणि वाकून बघायचं पडली का नीट. पडल्याची खात्री झाल्याशिवाय पुढची नाही. संध्याकाळपर्यंत झुंबराची दोरीच उरली, तीही मी काढून टाकली, उसवायच्या आत.

आणि इथे सगळं गणित उलटं होतं. जे खेळणं अण्णांना आवडतं ते एका दुपारचं. जे आवडत नाही ते अमर. पडद्याला मॅचिंग असलेलं ते जांभळं, ते अजून टांगलेलं आहे, नवं कोरं, पाहुणे त्याचंच कौतुक करतात. त्यामुळे आता मी ऑनलाइन घेताना रिव्ह्यू उलटे वाचतो. "खूप मजबूत, सहा महिने झाले जसंच्या तसं", पाच स्टार, की मी पुढे. "एकदम भंगार, आल्याबरोबर चिंध्या केल्या, पैसे पाण्यात", एक स्टार, की लगेच ऑर्डर. चिंध्या करणाऱ्याच्या मालकाला दुःख झालंय पण पोपटाला कोणी विचारलंय का? पुठ्ठा, ताडाची सुकी पानं, नरम बाल्सा लाकूड, बिनछपाईचा कागद, असलं मरतुकडं काहीतरीच हवं. ते डबे-कप्पे असलेलं बुद्धीला चालना देणारं खेळणंही आणून झालं, कप्पा सरकवला की आत बदाम. मी सूचनांचं पत्रक उलगडत होतो तोवर बदाम खाऊन झाला होता. आता फक्त भरायचं काम माझ्याकडे, म्हणजे चालना कोणाला मिळतीये ते बघा.

ह्याच जातीचा तो ॲलेक्स, पोपटांच्या बुद्धीचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञ आयरीन पेपरबर्ग बाईंचा, त्यांनी १९७७ मधे घेतला आणि २००७ मधे गेला बिचारा, तोपर्यंत जगप्रसिद्ध. त्याला वस्तूचं नाव बरोबर सांगितलं की बक्षीस म्हणून तीच वस्तू मिळायची. बूच म्हणालास, घे बूच. म्हणजे त्याने अख्खं शिक्षण एका बुचासाठी केलं. आमच्याकडे अण्णांना बूच फुकट मिळतं, परीक्षा मीच देतो.

पण ह्या लोकांची खरी नजर खेळण्यावर नसतेच, ती बांधकामावर असते. २०१२ मधे ऑस्ट्रियातल्या फिगारो नावाच्या काकाकुव्याची गोष्ट शास्त्रज्ञांनी छापली, त्याने लांबचा दाणा ओढायला चक्क पिंजऱ्याच्या लाकडी तुळईतूनच एक लांब ढलपी फाडून काढली. आमच्या अण्णांनी तुळई नाही, कडी निवडली. खेळणं टांगायला स्टेनलेस स्टीलची नटवाली कडी वापरायची असते, क्विक लिंक म्हणतात, तीच सगळ्यात सेफ. मी हाताने नट आवळला. पहाटे धाडकन आवाज, खेळणं खाली. पान्याने आवळला, तरी दुपारी खाली. खालची चोच नटाला लावायची, जिभेने ढकलायचं, अर्धा आटा फिरवायचा, दम घ्यायचा, परत. मग नट खाली टाकून वाकून बघणं आहेच. खेळणं पडलं की त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत, लगेच शेजारची कडी. पाण्याच्या वाटीचा बोल्ट पण असाच गेला, वाटी माझ्या चपलेत.

तेव्हा मी खेळणीच काढून टाकली आणि नुसत्या कड्यांत कड्या अडकवून टांगल्या, नट मोठ्या साइजचे, गिळता न येणारे. अण्णा दुपारभर गप्प, काम चालू. मीटिंगमधले लोक विचारतात, आज शांत आहे तुमच्याकडे, सगळं ठीक आहे ना.

परवा आणखी आणायला हार्डवेअरवाल्याकडे गेलो. त्याने विचारलं गेटला हव्यात का शटरला, वजन किती पेलायचंय. म्हटलं वजनाचं राहू दे, खोलायला जरा वेळ लागेल अशी दाखवा. तो म्हणाला, चोर ओळखीचा आहे का? म्हटलं घरातलाच आहे, आणि नट तेवढे जास्तीचे द्या, तो खाली टाकतो आणि ते सोफ्याखाली जातात.