‘दुमजली कंटेनर वळणावर आडवे होतात’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार सर,

मॉडेल रेल्वेच्या पाच वॅगनचा सेट तीन आठवडे उशिरा आला, याबद्दल मनापासून माफी मागतो. कंटेनरवरची अक्षरं छापणाऱ्याकडे काम अडकलं होतं. तुम्हाला फोन करून कळवायला हवं होतं, ते मी केलं नाही.

पण ‘मालातच खोट आहे, अमेरिकन मॉडेल कशी पडत नाहीत’ हे वाचून फार वाईट वाटलं. सर, अमेरिकेतल्या दुमजली गाडीत खालचा कंटेनर दोन बोगींच्या, म्हणजे दोन टोकांच्या चाकांच्या संचांच्या, मधल्या खोलगट भागात बसतो. आपली बीएलसी वॅगन, म्हणजे भारतीय रेल्वेची कंटेनर वाहणारी वॅगन, सपाट असते. तिची कंटेनर ठेवायची पाटी रुळापासून 1009 मिमीवर, म्हणजे मॉडेलच्या 1:87 मापात (यालाच एचओ म्हणतात) साडेअकरा मिमी. त्यावर साडेनऊ फूट उंचीचे दोन कंटेनर ठेवले की आणखी 66 मिमी. आणि हे सगळं 16.5 मिमी रुंदीच्या रुळावर! आपल्या ब्रॉडगेजच्या हिशेबाने तो 19 मिमीच्या वर हवा, पण एचओमध्ये तयार रूळ 16.5 चाच मिळतो. म्हणूनच मी प्रत्येक वॅगनच्या पोटात लोखंडी पट्टी बसवून वजन 115 ग्रॅमपर्यंत नेतो, आणि वरचे कंटेनर मुद्दाम पोकळ ठेवतो.

तुम्ही टाकलेल्या फोटोत वरच्या कंटेनरचं दार उघडं आहे आणि आत नटबोल्ट दिसतात. ते आम्ही भरलेले नाहीत. वळणही 15 इंच त्रिज्येचं वाटतं. बॉक्समधल्या कागदावर ‘किमान 22 इंच’ लिहिलेलं आहे. पाठवण्याआधी हाच सेट मी दुकानातल्या 24 इंची वळणावर अर्धा तास फिरवला होता, एकदाही पडला नाही.

किमतीबद्दल इतकंच, की हे डबे कारखान्यात बनत नाहीत. मी आणि माझी बायको रात्री बसून एकेक वॅगन रंगवतो. तुमचा अभिप्राय वाचून परवा एकाने ऑर्डर थांबवली.

पुढच्या सेटपासून वळणाची सूचना मोठ्या अक्षरात देऊ, वेळेचंही बघतो. तुम्ही फक्त ते नटबोल्ट काढा आणि मोठ्या वळणावर एकदा चालवून बघा. तरीही गाडी आडवी झाली तर सेट परत घेईन, कुरिअरचा खर्च माझा.