चोरीचं विंडोज बंद झालं तरी लिनक्स येणार नाही

व्हॉट्सॲपवर एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्याचं सार असं: प्रगत देशांत लोक सॉफ्टवेअर विकत घेतात, भारत-चीनमध्ये चोरतात, चोरीचं विंडोज फुकट मिळतं म्हणून आपल्याकडे लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी, फुकट मिळणारी संगणकप्रणाली) रुजलं नाही, आणि चोरी मोडून काढली की लोक आपोआप लिनक्सकडे वळतील.

पहिलं विधान अर्धंच खरं आहे. सॉफ्टवेअर कंपन्यांच्या बीएसए या संघटनेच्या 2018च्या अहवालानुसार 2017 मध्ये बिनपरवाना सॉफ्टवेअरचं प्रमाण चीनमध्ये 66 टक्के, भारतात 56, जपानमध्ये 16 आणि अमेरिकेत 15 होतं. व्हॉट्सॲपवरचा मजकूर इथेच थांबतो. त्याच अहवालात अशा सॉफ्टवेअरची किंमतही दिली आहे, आणि त्यात अमेरिका सगळ्यांच्या पुढे आहे: 8.6 अब्ज डॉलर. चीन 6.8, भारत सुमारे अडीच. (आकडे विक्रेत्यांच्या संघटनेचे आहेत, तेव्हा हातचं राखूनच वाचावेत.)

दुसरं विधान: चोरी आहे म्हणून लिनक्स नाही. मग जिथे चोरी कमी, तिथे लिनक्स भरभराटीला यायला हवं होतं. जपान-अमेरिकेत तसं झालेलं नाही. तिथे विंडोज आणि मॅक आहेत. उलट वेबचा वापर मोजणाऱ्या स्टॅटकाउंटर या कंपनीच्या 2024च्या आकड्यांत डेस्कटॉपवर लिनक्सचा वाटा जगात चार टक्क्यांच्या आसपास होता, तर भारतात दहाच्या वर. ही मोजणी वेबपानं किती उघडली गेली यावरून होते, माणसं मोजून नव्हे. तरी मजकुरातला दावा उलटा पाडायला एवढं पुरे.

जर्मनीतल्या म्युनिकचं बघा. परवान्यांचे पैसे भरणाऱ्या या श्रीमंत महापालिकेने 2003 मध्ये लिनक्सवर जायचं ठरवलं, सुमारे 15,000 संगणक हलवले, आणि 2017 मध्ये विंडोजकडे परत फिरायचा ठराव केला. दुसरीकडे केरळच्या सरकारी शाळांत लिनक्स टिकलं. ते चोरी पकडणाऱ्या धाडींमुळे नाही. सरकारने अभ्यासक्रमच मुक्त सॉफ्टवेअरवर (लिनक्ससारखं, कुणालाही वापरता-बदलता येणारं) बांधला, शिक्षकांना प्रशिक्षण दिलं, मलयाळम नीट चालवून दाखवलं. आपल्याकडे 2001 पासून गावोगावी एमएस-सीआयटी झालं, आणि त्यात पोरं विंडोज आणि एमएस ऑफिस शिकली. नोकरीला लागल्यावर ती दुसरं काय मागणार?

या मजकुराच्या बाजूने एक साक्षीदार भक्कम आहे: खुद्द बिल गेट्स. चीनमधले लोक सॉफ्टवेअर चोरणारच असतील तर त्यांनी आमचंच चोरावं, म्हणजे त्यांना त्याची सवय लागेल, अशा अर्थाचं ते 1998 मध्ये बोलले होते. चोरीने सवय लावली हे मान्यच. पण चोरी बंद केल्याने सवय सुटते, हे त्यातून सिद्ध होत नाही.

आणि तिसरं विधान तर आपण डोळ्यांदेखत खोटं ठरताना पाहिलंय. आता बहुतेक लॅपटॉप विंडोज घालूनच येतात. 2015 मध्ये विंडोज 7 आणि 8 वापरणाऱ्यांना विंडोज 10 फुकट दिलं गेलं. त्याआधी भारतासारख्या देशांसाठी विंडोज एक्सपीची स्वस्त स्टार्टर आवृत्तीही काढली होती, एका वेळी तीनच प्रोग्रॅम चालवणारी; तिची चेष्टा झाली ती वेगळी गोष्ट. घरच्या संगणकापुरतं विंडोज चोरण्याचं कारणच कमी होत गेलं. लोक लिनक्सकडे गेले का?

हिशेबाचं टॅली लिनक्ससाठी येत नाही. डीटीपीवाल्याची वीस वर्षांची कामं पेजमेकर आणि कोरलड्रॉमध्ये, श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये पडलेली आहेत. तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर मराठीऐवजी अगम्य चिन्हं उमटतात. असल्या दुकानावर उद्या धाड पडली, तर मालक उबुंटू (लिनक्सचीच एक आवृत्ती) शिकत बसणार नाही. कुरकुरत परवान्याचे पैसे भरेल, कारण संध्याकाळी लग्नपत्रिका द्यायच्या आहेत.