‘किती?’ हा शब्द घरी ठेवून या

थायलंडला निघालेल्या मराठी माणसाच्या बॅगेत मेतकूट असतं, लोणच्याची पुडी असते आणि जिभेवर एक शब्द असतो: ‘किती?’ थाई भाषेत त्याला ‘थाओ राय?’ म्हणतात. विमान उतरेपर्यंत तो पाठही झालेला असतो. माझं म्हणणं एवढंच, की तिथल्या प्रवासातला निम्मा मनस्ताप या एका शब्दानं होतो. तो कुठे उच्चारायचा आणि कुठे गिळायचा, हे वाहनागणिक बदलतं.

पट्टायापासून सुरुवात करू. तिथे ‘सॉन्गथेव’ नावाचं वाहन चालतं. शब्दाचा अर्थ ‘दोन ओळी’. पिकअपच्या हौद्यात समोरासमोर दोन बाकडी, वर छप्पर, मागे पायरी आणि लोंबकळायला दांडा. कोल्हापूर-साताऱ्याकडच्या वाचकांसाठी एकच शब्द पुरे: वडाप. फक्त रंग गडद निळा आणि कोंबड्या नाहीत. बीच रोडवर ती उत्तरेकडून दक्षिणेकडे धावतात, समांतर सेकंड रोडवरून परत येतात. दोन्ही रस्ते एकेरी, त्यामुळे चुकीच्या दिशेला बसायची भीती नाही.

पद्धत अशी. हात दाखवायचा. गप चढायचं. उतरायची जागा आली की छताला लावलेलं घंटीचं बटण दाबायचं, खाली उतरून चालकाच्या खिडकीशी जायचं, 10 बाटचं नाणं द्यायचं आणि मागे न बघता चालू पडायचं. हे नाणं आपल्या दहा रुपयांच्या नाण्याचं उलटं रूप आहे: मधे पिवळं, कडेला पांढरं. दोन्ही एकाच खिशात ठेवू नका.

या सगळ्यात तोंड उघडायचंच नाही, हा खरा कस. ‘किती?’ म्हटलंत की चालक समजतो, तुम्हाला अख्खी गाडी हवी आहे. मग दहाचे शंभर होतात, दोनशेही होतात, आणि त्यात फसवणूक काहीच नाही, कारण गाडी तुम्हीच भाड्याने मागितलीत. कडेला रिकामी उभी असलेली गाडी तर स्वतःहून शिकवणी घ्यायलाच थांबलेली असते. तिच्याकडे जायचं नाही, चालत्या आणि आत दोन-चार माणसं असलेल्या गाडीलाच हात करायचा. पण भाव न ठरवता वाहनात पाय ठेवणं हे आपल्या रक्तातच नाही. पहिल्या फेरीला ओठ दाताखाली धरून बसावं लागतं.

बँकॉकच्या टुकटुकचा, म्हणजे तिथल्या तीनचाकी रिक्षाचा, कायदा नेमका उलटा. तिथे मीटर नाही, म्हणून बसण्याआधी विचारायलाच हवं, आणि उत्तर महाग आलं तर निश्चिंत व्हावं. धोका स्वस्त उत्तरात आहे. ‘तासभर फिरवतो, 20 बाट’ म्हणजे वाटेत रत्नांचं एक दुकान आणि सूट शिवणारा एक शिंपी येणार. गिऱ्हाईक आणल्याबद्दल दुकानदार चालकाला इंधनाचं कूपन देतो, तुमचे वीस त्यात धरलेलेही नसतात. राजवाड्याबाहेर एखादा नीटनेटका गृहस्थ ‘आज बंद आहे’ म्हणाला, तर मान हलवून सरळ दारापर्यंत जावं. राजसमारंभाचे मोजके दिवस सोडले तर तिकीटखिडकी सकाळी 8:30 ते दुपारी 3:30 उघडी असते.

टॅक्सीत विचारायचं ते ‘मीटर?’ एवढंच. विमानतळाचं नाव सुवर्णभूमी, पण शुद्ध मराठी उच्चार केलात तर कुणालाही कळणार नाही, तिथे ते ‘सुवन्नफूम’ आहे. (राजदेवी हे स्टेशन ‘रात्चथेवी’ होतं. संस्कृतचा आपला अभिमान तिथे फार टिकत नाही.) टॅक्सी पहिल्या मजल्यावर, म्हणजे आपल्या भाषेत तळमजल्यावर. यंत्राचं बटण दाबलं की चिठ्ठी येते, त्यावर आकडा असतो, त्या आकड्याखाली उभी असलेली गाडी तुमची. ही चिठ्ठी चालकाला देऊन टाकू नका. सामान गाडीत राहिलं तर हाताशी तेवढाच पुरावा. भाडं 35 बाटपासून सुरू होतं, वर विमानतळाचे 50, आणि टोल नाक्यावर लागतील ते तुम्ही द्यायचे. सामान आवरतं असेल तर तळघरातून सुटणारी रेल्वे घ्या: फाया थाई स्टेशनपर्यंत 45 बाट, आणि वाहतुकीची कोंडी पुलावरून खाली बघायची.

मला मनापासून आवडते ती बँकॉकच्या सॅन सॅप कालव्यातली बोट. हा कालवा 1837 साली खणायला घेतला आणि आजचं पाणी पाहता मधल्या काळात तो धुतला नसावा. बोट धक्क्याला काही सेकंदच टेकते. दोर धरायचा, काठावर पाय, आत उडी. बसल्या जागी हाताशी एक दोरी असते. समोरून दुसरी बोट आली की ती ओढायची, म्हणजे बाजूचा प्लास्टिकचा पडदा वर येतो. दोरीजवळ बसणाऱ्यावर संपूर्ण बाकाची जबाबदारी असते, आणि ज्याने फोटो काढायच्या नादात ती सोडली त्याच्याकडे अख्खं बाक बघतं. कंडक्टर आत येतच नाही. डोक्याला हेल्मेट घालून तो बोटीच्या बाहेरच्या अरुंद कडेवरून चालतो, पडद्यावरून हात आत घालून पैसे घेतो आणि पूल आला की वाकतो. पूल फार बुटका असेल तर छतसुद्धा खाली येतं. इथे ‘किती’ विचारायची सोयच नाही, उतरायच्या धक्क्याचं नाव सांगायचं आणि सुटे ठेवायचे.

भाड्याच्या स्कूटरबद्दल थोडक्यात. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, त्यामुळे आत्मविश्वास वाढतो आणि तिथेच घात होतो. आरटीओतून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना दुचाकीसाठीही आहे ना, ते निघण्याआधी बघा. तो नसेल तर पडल्यावर विमा कंपनी हात वर करू शकते. अनामत म्हणून पासपोर्ट देऊ नका, रोख द्या, आणि निघण्यापूर्वी प्रत्येक ओरखड्याचा व्हिडिओ काढा.

राहिली लांबची रात्रीची बस. एसी इतका गार की शाल आणि मोजे जवळच हवेत. इथे मात्र ‘किती वाजता?’ विचारल्याशिवाय गत्यंतर नाही. खिडकीतून उत्तर येतं, ‘सॉन्ग थुम.’ सॉन्ग म्हणजे दोन, हे सॉन्गथेवनं शिकवलेलं असतं, म्हणून आपण खूश होऊन दुपारी दोन वाजता हजर. पण थाई बोलण्यात रात्रीचे तास सातपासून नव्याने मोजतात: सात म्हणजे एक थुम, आठ म्हणजे दोन. पहाटेचे दोन हवे असतील तर ते ‘ती सॉन्ग’. बाकावर सहा तास बसायची तयारी नसेल, तर तिकीट उलटंसुलटं करून 20:00 कुठे छापलंय ते शोधा. आणि साल 2569 दिसलं तर दचकू नका, ते बौद्ध संवतातलं आहे, 543 वजा करा.