लेस्टरहून महाल दिसत नाही

२८ ऑगस्ट २०२२ रोजी दुबईत भारताने आशिया चषकाच्या सामन्यात पाकिस्तानला हरवले आणि पुढचे तीन आठवडे इंग्लंडमधले आमचे लेस्टर धुमसत राहिले. ग्रीन लेन रोड भागातून निघालेला तोंडे झाकलेल्या हिंदू तरुणांचा मोर्चा, बेलग्रेव्ह रोडवरच्या देवळाचा खाली ओढलेला झेंडा, रात्रीच्या हाणामाऱ्या, हे सगळे माझ्या घरापासून फार दूर घडले नाही. मध्येच एका मुस्लिम मुलीला हिंदू तरुणांनी पळवण्याचा प्रयत्न केल्याची कहाणी पसरली. असे काही घडलेच नसल्याचे पोलिसांनी चौकशीअंती जाहीर केले, पण तोवर ती घराघरांत पोहोचली होती.

त्या दिवसांत मला सर्वाधिक त्रास झाला तो नागपूरहून येणाऱ्या निरोपांचा. लेस्टर इंग्लंडच्या नकाशावर कुठे आहे हेही ज्यांना दाखवता आले नसते, असे माझे शाळासोबती माझ्याच गल्लीत काय चालले आहे ते मला आमच्या व्हॉट्सॲप गटावर समजावून सांगत होते. मी रोज ज्याच्याकडून दूध आणतो तो दुकानदार मुसलमान आहे आणि सध्या आम्ही दोघेही सारखेच घाबरलेलो आहोत, असे मी लिहिले तेव्हा मला भित्रा ठरवण्यात आले. पुढे बीबीसीने या प्रकरणावरच्या ट्विटांचा एक मोठा नमुना तपासला, तेव्हा त्यातली निम्म्याहून अधिक भारतातल्या खात्यांवरून आल्याचे आढळले. मला त्याचे जराही आश्चर्य वाटले नाही.

आश्चर्य वाटले ते २०२५ च्या मार्चमध्ये, आणि तेही स्वतःचेच. औरंगजेबाची खुलताबाद येथील कबर हटवावी या मागणीसाठी १७ मार्चला नागपुरात महाल भागात आंदोलन झाले. तेथे जाळलेल्या चादरीवर धार्मिक मजकूर होता अशी अफवा पसरली आणि संध्याकाळनंतर चिटणीस पार्क परिसरात दगडफेक व जाळपोळ सुरू झाली. ती अफवाच होती, असे मुख्यमंत्र्यांनी दुसऱ्या दिवशी विधानसभेत सांगितले. मला मात्र तेवढाही धीर नव्हता. हाती आलेली एक चित्रफीत मी खाली चार जळजळीत ओळी लिहून त्याच गटावर टाकली. अर्ध्या तासात थोरल्या भावाचा फोन आला. ‘‘ही फीत आपल्याकडची नाहीच. महालातले रस्ते विसरलास का? तू आता ऑफिसातून घरी जाशील, मला याच चौकात शटर उघडायचं आहे.’’ दादाचे साड्यांचे दुकान आहे आणि त्याच्या साड्यांना फॉल-पिको करून देणारा कारागीर हंसापुरीतला मुसलमान आहे.

दूर गेल्यावर माणूस तटस्थ होतो आणि त्याला चित्र स्वच्छ दिसते, असा आम्हा परदेशस्थांचा एक आवडता समज आहे. माझा अनुभव नेमका उलटा आहे. जो गावात राहतो त्याच्या संतापाला दूधवाला, कारागीर, शाळेच्या फाटकाशी रोज भेटणारी दुसऱ्या मुलांची आई अशी वेसण असते. आमच्या संतापाला ती नसते, कारण त्याची किंमत आम्हाला मोजावी लागत नाही. म्हणून परदेशात गेलेल्यांनी बोलूच नये, हे म्हणणे मात्र मला मान्य नाही. १९७२ साली हुकूमशहा इदी अमीनने आशियाई लोकांना युगांडातून हाकलले आणि लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडातल्या वृत्तपत्रात ‘आमच्याकडे येऊ नका’ अशी जाहिरात दिली. या दोन्ही गोष्टी चूक होत्या हे सांगायला कंपालात घर असण्याची गरज नाही. डोके शांत ठेवणे म्हणजे दोन्ही बाजूंना मोजूनमापून सारखाच दोष देणे नव्हे (तो बहुधा भिडस्तपणा असतो). पण मत मांडणे वेगळे आणि आपण न पाहिलेली घटना पाहिल्यासारखी पुढे ढकलणे वेगळे. मी दुसरे केले होते.

नागपुरातली संचारबंदी २३ मार्चला पूर्णपणे उठली. मी चित्रफीत त्या रात्रीच काढून टाकली होती आणि ती नागपूरची नसल्याचे सांगून गटाची माफीही मागितली होती. माझ्या माफीला कोणाचेच उत्तर आले नाही. दोन दिवसांनी दुसऱ्या एकाने तीच फीत पुन्हा टाकली, खाली माझ्याच चार ओळींसह.