घर तिनंच का सोडायचं?

मारहाण झाली की आपल्याकडं सल्ला ठरलेला असतो. "थोडे दिवस माहेरी जाऊन राहा, तो शांत होईल." मग ती चार कपडे पिशवीत भरते, मुलांची शाळा बुडते, नोकरी असेल तर तीही लांब पडते. मारणारा मात्र त्याच घरात निवांत राहतो. तालुक्याच्या कोर्टात मी कौटुंबिक हिंसाचाराच्या केसेस चालवते आणि हे चित्र बघून माझा संताप होतो, कारण कायदा असं सांगतच नाही.

कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ चा. २६ ऑक्टोबर २००६ पासून तो लागू आहे. त्यातलं कलम १९ वाचा. हिंसाचार झाल्याची खात्री पटली तर न्यायदंडाधिकारी गैरअर्जदाराला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे त्याला, घरातून बाहेर पडण्याचा आदेश देऊ शकतात, पुन्हा पाऊल टाकायला मनाई करू शकतात, घर विकायलाही रोखू शकतात. निकालापर्यंत थांबायचीही गरज नाही. कलम २३ खाली अंतरिम आदेश मागता येतो, गरज असेल तर एकतर्फी, म्हणजे समोरच्याचं ऐकण्याआधीसुद्धा.

"पण घर त्याच्या नावावर आहे ना?" हा प्रश्न मला बायकाच आधी विचारतात. नाव कुणाचंही असो, सामायिक घरात, म्हणजे ती नवऱ्याबरोबर राहते किंवा राहत होती त्या घरात, राहण्याचा तिचा हक्क कलम १७ मध्ये स्पष्ट लिहिलेला आहे. घर सासऱ्याच्या नावावर असेल तर पूर्वी अडायचं, कारण सर्वोच्च न्यायालयाच्याच २००६ च्या बत्रा निकालानं सामायिक घराची व्याख्या फार आखडून टाकली होती. ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सतीशचंद्र आहुजा खटल्यात ती चूक दुरुस्त केली. वृद्ध सासू-सासऱ्यांच्या शांततेचाही विचार करायला त्याच निकालानं सांगितलं आहे आणि ते मला योग्य वाटतं. तिथं पर्यायी घर किंवा भाडं मागण्याची सोय आहे.

नवऱ्याला बाहेर काढण्याबद्दल मात्र आपली कोर्टं अजून कचरतात. "त्रास देऊ नये" एवढाच आदेश देऊन मोकळी होतात. रात्री दारू पिऊन येणाऱ्याला त्याच खोलीत ठेवून त्रास देऊ नको म्हणायचं, याला संरक्षण कसं म्हणायचं? मद्रास उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२२ मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलं. घरात शांतता राखायला नवऱ्याला बाहेर काढणं हाच मार्ग उरला असेल, तर त्याला राहायला दुसरी जागा आहे की नाही हे न बघता तसा आदेश द्यावा, असं न्या. मंजुळा यांनी म्हटलं. त्या प्रकरणात नवऱ्याला दोन आठवड्यांत घर सोडायला सांगितलं गेलं.

कुणी म्हणेल, पुरुषावर अन्याय होईल. अर्ज खोटा असेल तर तो आपली बाजू मांडू शकतो, आदेश बदलून मागू शकतो, ३० दिवसांत सत्र न्यायालयात अपील करू शकतो. तिला मात्र ज्या रात्री घराबाहेर काढतात, त्या रात्री कुठलं अपील असतं?

दोष आम्हा वकिलांचाही मोठा आहे. अर्जात पोटगी मागतो, नुकसानभरपाई मागतो आणि निवासाची मागणी शेवटी एका ओळीत उरकतो. न मागितलेलं कोर्ट आपणहून कशाला देईल? पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लागावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात, म्हणून अंतरिम अर्ज पहिल्याच दिवशी द्यायला हवा.

तुमच्या बहिणीची, शेजारणीची अशी केस असेल तर वकिलांना सरळ विचारा, "त्याला घराबाहेर काढण्याची मागणी अर्जात आहे का? पोलिसांनी मदत करावी, असं आदेशात मागितलंय का?" वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडून मोफत मिळतो. अर्ज द्यायला संरक्षण अधिकारी, म्हणजे याच कायद्याखाली सरकारनं नेमलेले अधिकारी, मदत करतात. आदेशाची प्रत कोर्टाकडून फुकट मिळते आणि पोलीस ठाण्यालाही जायला हवी. तरी एक प्रत स्वतः ठाण्यात नेऊन द्या आणि पोच घ्या.