लाल दिवा लागला म्हणजे टॉवर धोकादायक, असं नाही

रत्नागिरी-मालवणकडच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय: 'स्वस्तातला आरएफ मीटर (रेडिओ लहरी मोजणारं यंत्र) मागवा. तो कंपनीतूनच सेट होऊन येतो. चालू करून टॉवरकडे रोखा, लाल दिवा लागला की रेडिएशन धोक्याचं.'

'सेट होऊन येतो.' मग कॅलिब्रेशनचा, म्हणजे मीटर प्रमाण मोजमापाशी ताडून पाहिल्याचा, कागद कुठाय? त्यावर फ्रीक्वेन्सीनुसार गुणक दिलेले असतात, त्यांनी रीडिंगला गुणायचं. गुणक व्होल्ट प्रति मीटरसाठी असेल आणि तुम्ही वॅट प्रति चौरस मीटर वाचत असाल, तर त्याचा वर्ग लावायचा; 1.2 चा 1.44 होतो. इथे भलेभले चुकतात. आणि माहितीपत्रकात ±3 डेसिबल लिहिलं असेल, तर खरा आकडा दिसतोय त्याच्या निम्माही असेल किंवा दुप्पटही.

'चालू करून.' एसी गाडीतून काढून थेट जेटीवर नेला की दमट हवेत प्रोबवर (लहरी टिपणाऱ्या टोकावर) दव धरतं, झिरो सरकतो, म्हणजे लहरी नसतानाही आकडा शून्यावर राहत नाही. पिशवी न उघडता अर्धा तास जाऊ द्या. सेलच्या पट्ट्यांवर खाऱ्या हवेचा पांढरा-हिरवा थर आला असेल, तर आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा. वापर नसेल तेव्हा सेल काढून मीटर सिलिका जेलच्या पुडीसोबत डब्यात ठेवा. झिरोचं बटण असेल तर ते चिरेबंदी घराच्या आतल्या खोलीत, वाय-फाय आणि मोबाइल बंद करून दाबा. टॉवरसमोर दाबलंत तर तिथलं क्षेत्र पुढच्या प्रत्येक रीडिंगमधून वजा होतं आणि टॉवर फुकटचा 'सुरक्षित' ठरतो. या चुकीवर कुणी फॉरवर्ड काढत नाही.

'टॉवरकडे रोखा.' तीन अक्षांच्या, म्हणजे सगळ्या दिशांच्या लहरी एकदम टिपणाऱ्या, प्रोबला रोखण्याची गरजच नाही. एकाच अक्षाचा असेल तर काटकोनातल्या तीन दिशांना धरा, व्होल्ट प्रति मीटरमधल्या तिन्ही आकड्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा. हात लांब ठेवा, खिशातला फोन फ्लाइट मोडवर. गच्चीवरच्या पत्र्यावरून लहरी परततात. 900 मेगाहर्ट्झला साधारण दर 17 सेंटिमीटरवर आकडा चढतो-उतरतो. म्हणून 1.1, 1.5 आणि 1.7 मीटर उंचीवर सहा-सहा मिनिटांची सरासरी घ्या.

'लाल दिवा.' तो कुठे लागावा हे मीटर बनवणारा ठरवतो. आपल्याकडे 2012 साली लागू झालेली मर्यादा 900 मेगाहर्ट्झला 0.45 वॅट प्रति चौरस मीटर होती, म्हणजे सुमारे 13 व्होल्ट प्रति मीटर. पडद्यावर 5000 दिसलं की लोक हबकतात. एकक मायक्रोवॅट प्रति चौरस मीटर असेल तर ते 0.005 वॅट प्रति चौरस मीटर झालं, त्या मर्यादेचा नव्वदावा भाग.

जेटीवर तर दिवा टॉवरमुळे लागला हेही ठरत नाही. शेजारच्या ट्रॉलरवर कुणी बोटीच्या रेडिओवरून 156.8 मेगाहर्ट्झच्या चॅनेल 16 वर बोललं तरी तो पेटेल. उलट त्याच ट्रॉलरचा 9.4 गिगाहर्ट्झचा रडार 3.5 गिगाहर्ट्झपर्यंतच मोजणाऱ्या मीटरला नीट कळणारच नाही.