काढून घेण्याची सोडत

भिशीची चिठ्ठी कशी निघते ते आठवा. स्टीलचा डबा, आत बारा चिठ्ठ्या, सगळ्यांची घडी सारखी, आणि चिठ्ठी उचलायला घरातलं सगळ्यात लहान पोर, कारण त्याला अजून वाचता येत नाही. डबा सगळ्यांसमोर हलवायचा. एखाद्या काकू शंकेखोर असल्या तर त्या आधी चिठ्ठ्या मोजूनही घेतात. नंबर कुणाचाही लागो, डब्यात बारा होत्या आणि एक निघाली याबद्दल वाद नसतो.

म्हाडाची सोडत म्हणजे हाच डबा, फक्त मोठा. २०२४ साली मुंबई मंडळाची घरं होती २,०३० आणि अर्ज आले लाखाच्या वर. पण कुठल्या संकेत क्रमांकात किती घरं आणि त्यावर किती अर्ज, हे कळतं. विजेत्यांची यादी लागते, प्रतीक्षा यादी लागते. रेल्वे तर त्याहून सरळ. वेटिंग ४७ म्हणजे आपल्यापुढे सेहेचाळीस जण आहेत. दिवाळीत गाडी पुण्याहून नागपूरला निघते तेव्हा ते सेहेचाळीस तसेच असतात ही गोष्ट वेगळी, पण निदान आकडा तरी आपला असतो.

इतक्या सोडतींत मुरलेला माणूस फुटबॉल स्पर्धेच्या तिकिटासाठी अर्ज भरतो आणि सवयीनं पहिला प्रश्न विचारतो: डब्यात चिठ्ठ्या किती?

इथेच गाडी अडते.

२०२६च्या विश्वचषकाची विक्री फिफानं टप्प्याटप्प्यानं केली. पहिला टप्पा सप्टेंबर २०२५मध्ये, १० ते १९ तारखेचा, फक्त व्हिसा कार्डधारकांसाठी. खिशात रूपे असेल तर अर्ज भरण्याआधीच आपला नंबर गेला. या टप्प्यात २१६ देश-प्रदेशांतून ४५ लाखांवर अर्ज आले. आता कुणाला वाटेल, यात नाव निघालं म्हणजे तिकीट मिळालं. छे! नाव निघालं म्हणजे खिडकीपाशी जायची वेळ मिळाली. त्या वेळेला लॉगिन करायचं आणि आधीच्यांनी जे शिल्लक ठेवलं असेल त्यातून घ्यायचं. कुणाची वेळ आधी आणि कुणाची शेवटी, तेही नशिबावर. रांगेत उभं राहायला मिळावं म्हणून सोडत ही कल्पना आमच्याकडे शाळाप्रवेशातसुद्धा कुणाला सुचली नव्हती.

खरी मोठी सोडत डिसेंबरात आली. ११ डिसेंबर २०२५ ते १३ जानेवारी २०२६. या मुदतीत अर्ज पहिल्या दिवशी भरला काय नि शेवटच्या दिवशी भरला काय, संधी सारखीच होती. त्यामुळे पहिल्या रात्री जागण्यात काही अर्थ नव्हता. खिडकी उघडायची आणि मिटायची वेळ होती अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे सकाळचे अकरा, म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ, आणि त्यांनी घड्याळं पुढे केली की साडेआठ. हा हिशेब शेवटच्या दिवशी मात्र कामाला येतो. तेरा तारीख म्हणजे तेराच्या मध्यरात्रीपर्यंत, असं मनाशी धरून बसणारा साडेनऊलाच बाहेर पडतो.

मुदत संपल्यावर फिफानं अभिमानानं सांगितलं, ५० कोटींच्या वर मागण्या आल्या. आकडा प्रचंड आहे, पण म्हणजे ५० कोटी माणसं नव्हेत. एका घराला एका सामन्याची ४ आणि अख्ख्या स्पर्धेची ४० तिकिटं मागता येत होती. त्यामुळे एकच उत्साही गृहस्थ या आकड्यात चाळीस वेळा बसलेला असू शकतो. बरं, तिकिटं एकूण किती? १०४ सामने मिळून साठ-सत्तर लाख, असं खुद्द फिफाच्या अध्यक्षांनी बोलून दाखवलेलं आहे. पण त्या साठ-सत्तर लाखांत प्रायोजकांची आली, हॉस्पिटॅलिटीची, म्हणजे खानपान-सरबराईसकटची, महागडी आली, दोन्ही संघांच्या राष्ट्रीय संघटनांना प्रत्येकी ८ टक्के आली, आणि आधीच्या टप्प्यांत विकली गेली तीही आलीच. मायामीतल्या कोलंबिया-पोर्तुगाल सामन्याची तिसऱ्या श्रेणीची तिकिटं या डब्यात नेमकी किती पडली होती? शाळेत शिकवल्याप्रमाणे अपूर्णांकाला छेदही लागतो आणि अंशही लागतो. फिफा छेद लाऊडस्पीकरवरून सांगते आणि अंश पोटात ठेवते. माझी तक्रार नंबर न लागण्याबद्दल नाहीच. आपला नंबर कधीच लागत नाही, त्याची सवय आहे. तो किती अंतरानं लागला नाही, तेवढं कळावं.

नंबर लागण्याचीही भीती असते, हे अनुभवी लोकच जाणतात. त्या सोडतीत यश आलं की पैसे विचारून कापत नाहीत, अर्जात दिलेल्या कार्डावरून थेट जातात. म्हणून अर्ज भरताना सगळ्या मागण्यांची बेरीज करायची आणि ती कार्डाच्या मर्यादेत बसते का ते पाहायचं. ‘दहा ठिकाणी टाकलं, एक तरी लागेल’ असं म्हणणाऱ्याचे दहाही लागू शकतात, आणि मग घरात जे सामने होतात त्यांना अतिरिक्त वेळ नसतो. भारतातली बरीच कार्डं परदेशी ऑनलाइन व्यवहारांसाठी बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ती चालू करायची आणि निकाल लागेपर्यंत चालूच ठेवायची. कार्डाची मुदत निकालाच्या तारखेपलीकडची हवी. पैसे कापायला गेले आणि बँकेनं नकार दिला, तर लागलेला नंबरही बुडतो. वर परदेशी चलनाचा अधिभार, साधारण दोन ते साडेतीन टक्के, आणि त्या अधिभारावर जीएसटी. नाव पासपोर्टवर आहे तसंच, वडिलांच्या नावासकट. अर्जात ‘बाळ्या’ आणि पासपोर्टात ‘बाळकृष्ण’ असेल तर दारावरच्या टेक्सासी रखवालदाराला ते समजावत बसावं लागेल.

किमतींवर मी फार बोलणार नाही, रक्तदाब वाढतो. १९९४ला विश्वचषक अमेरिकेतच झाला तेव्हा तिकिटं २५ ते ४७५ डॉलरला होती. २०२६च्या अंतिम सामन्याचं राष्ट्रीय संघटनांमार्फत चाहत्यांना मिळणारं सगळ्यात स्वस्त तिकीट डिसेंबरात ४,१८५ डॉलरला पडत होतं. युरोपातल्या चाहत्यांच्या संघटनांनी एवढा दंगा केला की पाचच दिवसांत, १६ डिसेंबरला, प्रत्येक सामन्याला ६० डॉलरची काही तिकिटं जाहीर झाली. ती राष्ट्रीय संघटनांच्या वाट्यातली दहा टक्के. आठ टक्क्यांचे दहा टक्के म्हणजे एका संघाच्या चाहत्यांना शेकडा एकसुद्धा नाही. पुरणपोळीच्या पंगतीत प्रत्येकाला एकेक वेलदोडा वाढल्यासारखं झालं.

ज्यांना काहीच मिळालं नाही त्यांच्यासाठी फिफाचंच फेरविक्रीचं दुकान आहे. तिथला हिशेब साधा आहे. कुणी १०० डॉलरला तिकीट विकायला ठेवलं, तर घेणारा ११५ देतो, विकणाऱ्याच्या हाती ८५ येतात, आणि मधले तीस दुकानाचे. तेच तिकीट पुन्हा फिरलं तर पुन्हा तीस. थिएटरबाहेर ‘ब्लॅक, ब्लॅक’ पुटपुटणारा इसम यापेक्षा कमी घ्यायचा आणि पोलीस दिसला की पळायचा. मेक्सिकोत राहणाऱ्यांना तिथल्या सामन्यांची तिकिटं छापील किमतीपेक्षा जास्तीनं विकता येत नाहीत, हा त्यांच्या सरकारचा शहाणपणा.

आणि तिकीट म्हणजे व्हिसा नव्हे. फिफाच्या तिकिटधारकांना अमेरिकी मुलाखतीची तारीख लवकर मिळावी अशी सोय केली गेली, पण ती फक्त तारखेपुरती. मुलाखतीत काय होईल ते मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीच्या काचेपलीकडचा अधिकारी ठरवणार. व्हिसा अर्जाचं शुल्क १८५ डॉलर, ते परत मिळत नाही. साठ डॉलरच्या तिकिटासाठी त्याच्या तिपटीनं मोजून ‘नाही’ ऐकायला जायचं, ही तिसरी सोडत.

एवढं सगळं पार करून तिकीट हातात आलं की गंगेत घोडं न्हालं, असं मी म्हणालो असतो. पण मग युरो २०२० ही युरोपातल्या देशांची फुटबॉल स्पर्धा आठवते.

त्या स्पर्धेची तिकिटं २०१९च्या १२ जून ते १२ जुलैत मागवली होती. १५ लाख तिकिटांना १ कोटी ९३ लाख मागण्या. इथे अंश-छेद दोन्ही ठाऊक होते हो, खोटं कशाला बोला. लोकांचे नंबर लागले. मग कोविड आला. १७ मार्च २०२०ला स्पर्धा एक वर्ष पुढे गेली, नाव मात्र २०२०च राहिलं, बहुधा कॉफीचे मग छापून झाले असावेत. २०२१च्या एप्रिलमध्ये डब्लिन आणि बिल्बाओ यजमानपदावरून गळाले, सामने सेंट पीटर्सबर्ग, लंडन आणि सेव्हिलला गेले, आणि जुन्या गावांची तिकिटं सरसकट रद्द झाली. ते एक वेळ परवडलं. लग्नच मोडलं तर पत्रिकेवर कोण भांडणार? दुखणं होतं उरलेल्या मैदानांचं. बुडापेस्टनं अख्खं मैदान उघडलं, म्युनिकनं साडेचौदा हजारांना परवानगी दिली, ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कनं बारा हजारांना. म्हणजे पाव मैदान. आणि तिकिटं तर आधीच विकून झालेली.

मग आयोजकांनी जादा तिकिटं गाळण्यासाठी सोडत काढली. हो, ज्यांना सोडतीत मिळालं होतं त्यांच्यातूनच दुसरी सोडत, काढून घेण्याची. भिशीत ज्या बाईला पैसे मिळाले तिच्याच दाराशी दोन वर्षांनी डबा हलवत यायचं आणि म्हणायचं, ‘उचला चिठ्ठी, परत द्यायचे का ते ठरवू.’ अशा मेलमध्ये दिलगिरी असते, परताव्याची तारीख असते. कुठल्या श्रेणीतली किती गाळली आणि किती ठेवली, हा तक्ता तेवढा नसतो.

स्कॉटिश माणसाची अवस्था बघा. त्यांचा पुरुष संघ १९९८नंतर एकाही मोठ्या स्पर्धेत नव्हता. २०१९ला हॅम्पडनचं तिकीट ज्यानं घेतलं त्यानं केवळ श्रद्धेपोटी घेतलं, कारण आपला संघ असेल की नाही याचा पत्ता नव्हता. १२ नोव्हेंबर २०२०ला बेलग्रेडमध्ये सर्बियाला पेनल्टीवर हरवून स्कॉटलंड आत आलं. २३ वर्षांनी देव पावला, तिकीट खिशात, सामना स्वतःच्या गावात. आणि सहा-सात महिन्यांत चिठ्ठी. पुढे कहर म्हणजे प्रत्यक्ष सामन्याला हॅम्पडनवर प्रेक्षक भरले ते दहा हजारांच्या आतच. परवानगी बाराची होती.

लंडनला शेवटी शेवटी वेम्बली साठ हजारांवर उघडलं. तिकीट ॲपमध्ये, मैदानाजवळ गेल्यावर ब्लूटूथवर जागं होणारं, त्यामुळे बॅटरी संपली की तुम्हीही संपलात. एवढा बंदोबस्त, आणि अंतिम सामन्याला दोनेक हजार लोक बिनतिकिटाचे घुसले, असं नंतरच्या चौकशी अहवालात आहे. माणसं मरू शकली असती, म्हणून यावर हसवत नाही.

आपल्याकडेही एकदा सामनाच हलला होता. २०१७च्या १७ वर्षांखालील विश्वचषकातला ब्राझील-इंग्लंड उपांत्य सामना गुवाहाटीत होता. पावसानं मैदानाचा चिखल झाला आणि दोन दिवस आधी सामना कोलकात्याला गेला. गुवाहाटीकरांना पैसे परत, कोलकात्यात ६३ हजारांवर लोक. पण त्यात लपवाछपवी नव्हती, चिखल सगळ्यांना दिसत होता. गोव्यातल्या फातोर्डा मैदानाची गोष्ट आणखी निराळी. ऑक्टोबर २०२५मध्ये एफसी गोवाविरुद्ध रोनाल्डोचा सौदी क्लब अल-नस्र आला, रोनाल्डो आला नाही. तिकीट शाबूत, माणूसच रद्द. त्याचा परतावा कुठल्या फॉर्मवर मागायचा?

परताव्याचं शास्त्र थोडक्यात सांगतो. पैसे मूळ कार्डावरच येतात. मधल्या काळात कार्ड बदललं असेल पण बँक खातं तेच असेल, तर बहुधा बँक ते वळवून घेते. खातंच बंद केलं असेल तर जुन्या बँकेशी पत्रव्यवहार आला. जुनं स्टेटमेंट आणि तिकिटाचा ऑर्डर क्रमांक जपून ठेवा. रक्कम त्या दिवसाच्या दरानं रुपयांत उतरते, आणि जाताना कापलेला अधिभार सहसा परतीच्या प्रवासाला येत नाही. विमान आणि हॉटेल यांचा तर या परताव्याशी संबंधच नाही. म्हणून खोली घेताना ‘रद्द केल्यास पैसे परत’ हीच घ्यायची, चार पैसे जास्त गेले तरी.

स्वस्तातली, परत न होणारी खोली घेतली असेल तर एकच मार्ग उरतो. तिथे जाऊन टीव्हीवर सामना बघायचा. मैदान जवळ असेल तर यात एक गंमत आहे. प्रक्षेपण काही सेकंद मागे असतं, त्यामुळे गोलाचा आरडाओरडा आधी खिडकीतून येतो आणि गोल नंतर पडद्यावर दिसतो. १४ जून २०२१ला ग्लासगोत तेवढंही नशिबात नव्हतं. चेक संघाच्या पॅट्रिक शिकनं जवळजवळ अर्ध्या मैदानातून उचललेला चेंडू स्कॉटलंडच्या जाळ्यात उतरला, तेव्हा खिडकी गप्पच होती.